महिना हजार रुपयांत: गोव्यातली छोटी आरोग्य-फिटनेस वेबसाइट लोकांपर्यंत कशी न्यावी

‘वजन कमी करण्याचे उपाय’ एवढंच गूगलवर टाकून बघा. पहिल्या पानावर मोठी वृत्तपत्रं, रुग्णालयांच्या साखळ्या आणि औषधं विकणारी ॲप दाटीवाटीने बसलेली असतात. त्या रांगेत फोंड्याच्या योगशिक्षिकेने किंवा म्हापशाच्या आहारतज्ज्ञाने घुसायचं म्हटलं तर पैसे आणि वर्षं दोन्ही जातील. पण ‘मासेमारी बंदीत प्रथिनं कुठून आणायची’, ‘चवथीच्या नेवऱ्या (गणेश चतुर्थीच्या करंज्या) मधुमेहींनी किती खाव्यात’, ‘पावसात चालायला कुठे जायचं’ हे प्रश्न त्या साखळ्यांना पडतच नाहीत. ते पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या माणसांना पडतात. कमी पैशात वेबसाइट चालवायची तर बाहेरच्याला उत्तर देता येणार नाही असेच प्रश्न आपल्या ताब्यात घ्यायचे. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीसाठी आहेत.

आधी पैशाचा हिशेब मांडतो, कारण ‘कमी बजेट’ म्हणजे किती यावर प्रत्येकाचं मत वेगळं. मी वर्षाला १२,००० रुपये धरले आहेत. डोमेन (वेबसाइटचं नाव) आणि होस्टिंगला (इंटरनेटवर ती ठेवायच्या जागेला) ३,५००, मोबाइलला लावायच्या कॉलर माइकला १,५००, छापील स्टिकर-पत्रकांना २,०००, जाहिरातींना ३,००० आणि उरलेले २,००० हातात. होस्टिंग घेताना पहिल्या वर्षाची किंमत बघून हुरळू नका. नूतनीकरणाला किती लागणार ते तिथेच बारीक अक्षरात असतं आणि ते बरंच जास्त असतं. लोगो, महागडी थीम, ‘महिन्यात पहिल्या पानावर आणून देतो’ म्हणणारा माणूस, यांवर पहिल्या वर्षी एक रुपयाही घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पायरी १: पाहुणे यायच्या आधी घर आवरा

आरोग्याच्या मजकुराकडे गूगल जरा जास्तच संशयाने बघतं आणि ते बरोबर आहे. चुकीच्या सल्ल्याने माणसाची तब्येत बिघडू शकते. त्यामुळे लिहिणारा कोण, त्याचं शिक्षण काय, त्याला अनुभव कुठला, हे वेबसाइटवर ठळक हवं. ‘आमच्याविषयी’ या पानावर ‘निरोगी समाजाचं स्वप्न’ वगैरे लिहिण्यापेक्षा नाव, फोटो, पदवी किंवा प्रमाणपत्र, कुठल्या गावात वर्ग घेता, किती वर्षं घेता, हे लिहा. डॉक्टर नसाल तर तेही सरळ सांगा. ‘मी योगशिक्षिका आहे, औषधांबद्दलचे प्रश्न तुमच्या डॉक्टरांना विचारा’ हे वाक्य वाचून कोणी पळून जात नाही, उलट भरवसा बसतो. प्रत्येक लेखाखाली लेखकाचं नाव आणि शेवटच्या दुरुस्तीची तारीख द्या.

तांत्रिक बाजूला चार गोष्टी बघितल्या की पुरे. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाइलवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत, हवा. डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये टाइप करून आणलेला जुना लेख तसाच चिकटवला तर वेबसाइटवर चित्रविचित्र चिन्हं उमटतील आणि गूगलला त्यातलं काही कळणार नाही. लेखाचा पत्ता, म्हणजे डोमेनपुढचा भाग, छोटा आणि रोमन लिपीत ठेवा. देवनागरी पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवला की बहुतेक वेळा टक्क्यांच्या खुणा आणि आकड्यांची दोन-तीन ओळींची माळ होते आणि समोरच्याला ती फसवणुकीची लिंक वाटते. फोटो वेबपी (WebP) या हलक्या प्रकारात, छोटे करून टाका. सत्तरी किंवा सांग्यातल्या एखाद्या वाड्यावर जिथे रेंजची एकच काडी दिसते, तिथे पान उघडतं का हे स्वतः जाऊन किंवा ओळखीच्याला सांगून तपासा. गूगलचं पेजस्पीड इनसाइट्स फुकट आहे, त्यात मोबाइलचा आकडा बघा, डेस्कटॉपचा सोडून द्या.

पायरी २: प्रश्न गोळा करा, मग लिहा

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. वहीत दोन रकाने करा: लोक काय विचारतात आणि कधी विचारतात.

गोव्यात दुसरा रकाना फार महत्त्वाचा आहे, कारण इथलं खाणं-पिणं आणि हालचाल पंचांगावर आणि समुद्रावर चालते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, त्याला लागून बऱ्याच हिंदू घरांत श्रावण, लगेच चवथ. मग पर्यटनाचा हंगाम. हॉटेलात, टॅक्सीवर काम करणाऱ्यांच्या झोपेचं आणि जेवणाचं वेळापत्रक तेव्हा पार कोलमडतं. नाताळ, कार्निव्हल, शिगमो, गावोगावच्या जत्रा. एप्रिल-मेमध्ये घामाने जीव नकोसा होतो. प्रत्येक टप्प्यावर वेगळा प्रश्न उभा राहतो. लेख त्या प्रश्नाच्या चार ते सहा आठवडे आधी टाकायचा, कारण गूगलला नवं पान ओळखून वर आणायला वेळ लागतो. पावसाळ्यातल्या घरगुती व्यायामाचा लेख जुलैत टाकला तर तो पुढच्या वर्षीच कामी येईल.

लेख कसा असावा ते मासेमारी बंदीच्या विषयावरच बघू. नेहमीचा लेख ‘प्रथिने ही शरीरासाठी अत्यंत आवश्यक असतात’ इथून सुरू होतो आणि तिसऱ्या परिच्छेदात ब्रोकोली आणि टोफूवर येतो. केप्याच्या बाजारात ब्रोकोली शोधत कोण फिरणार? त्याऐवजी पहिल्या दोन वाक्यांत उत्तर द्या: ‘बंदीच्या काळात ताटातला बांगडा गेला तर त्याची जागा अळसांद्यांचं (स्थानिक चवळीचं) तोणाक, मुगाची उसळ आणि अंडी मिळून भरून काढू शकतात. कच्च्या १०० ग्रॅम अळसांद्यांत साधारण २० ते २४ ग्रॅम प्रथिनं असतात, एका अंड्यात सुमारे ६.’ मग आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा, हिशेब द्या. निरोगी प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला साधारण ५० ग्रॅम. मग एका दिवसाचा नमुना ताट-वाटीत सांगा: सकाळी काय, दुपारच्या शीत-कडीसोबत काय, रात्री काय. सुकं बांगडं-सुंगटं खाणाऱ्यांसाठी मिठाचा इशारा द्या, विशेषतः रक्तदाब असलेल्यांना. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नका, हेही लिहा. एवढं झालं की थांबा. हे पान दर मेमध्ये पुन्हा वाचून थोडं सुधारायचं, त्याच पत्त्यावर. दर वर्षी नवा लेख करत बसायचं नाही.

मधुमेहावर मात्र एखादा लेख टाकून भागणार नाही, तो विषय गोव्यात दारातच उभा आहे. आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात देशभरातलं मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के आलं. गोव्याचं २६.४ टक्के, सगळ्या राज्यांत जास्त. म्हणजे तुमच्या जवळजवळ प्रत्येक वाचकाच्या घरात हा प्रश्न कुणाचा तरी आहे. तरी ‘मधुमेह म्हणजे काय’ हे लिहू नका, ते हजार जणांनी लिहिलं आहे. उकड्या तांदळाची पेज किती, पोई आणि उंडो या पावांत फरक काय, ऑफिसला जाताना रोज भाजीपाव खाणाऱ्याने काय बदलावं, लग्नसराईत मणगण्याच्या, म्हणजे चणाडाळीच्या खिरीच्या, वाटीचं काय करावं, हे लिहा. लिहिल्यावर ओळखीच्या एखाद्या डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञाकडून तपासून घ्या आणि त्यांच्या परवानगीने ‘तपासणी’ म्हणून त्यांचं नाव द्या.

दुसरा खात्रीचा प्रकार म्हणजे जागांची पानं. समजा, मिरामार ते दोनापावला चालायचा रस्ता. तिथे तुम्ही स्वतः पहाटे आणि संध्याकाळी चालून या. अंतर मोबाइलवर मोजा, सावली कुठून संपते, दुचाकी कुठे लावता येते, पाणी कुठे मिळतं, पदपथ कुठे तुटतो, भटकी कुत्री कुठल्या कोपऱ्यावर असतात, गुडघे दुखणाऱ्याने कुठून मागे वळावं, हे टिपा. सोबत स्वतः काढलेले फोटो. असंच फोंड्यात फर्मागुढीचं पान होईल, मडगावात फातोर्ड्याचं, डिचोलीत तुमच्या घराजवळच्या मैदानाचं. शेजारी जागतिक आरोग्य संघटनेची आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायामाची शिफारस जोडा आणि त्या रस्त्यावर ती कशी पुरी होईल ते सांगा. अशी पानं लोक आपणहून एकमेकांना पाठवतात.

पहिल्या सहा महिन्यांत अशी बारा पानं झाली तर उत्तम. रोज एक लेख टाकणाऱ्या वेबसाइटींची पानं वाचली की कळतं, त्यांनाही ती लिहायचा कंटाळा आला होता.

पायरी ३: गूगलची फुकट अवजारं

गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये वेबसाइट नोंदवा, साइटमॅप (तुमच्या सगळ्या पानांची यादी) द्या, झालं. कुठले शब्द टाकून लोक तुमच्या पानाशी आले, कितीदा पान दिसलं, किती जणांनी टिचकी मारली, हे १६ महिन्यांपर्यंतचं तिथे दिसतं. गूगल ट्रेंड्समध्ये प्रदेश म्हणून गोवा निवडता येतो, पण इथली लोकसंख्या कमी असल्याने मराठी शब्दांना बऱ्याचदा रिकामी रेघ दिसते. त्यावरून ‘मागणीच नाही’ असा निष्कर्ष काढू नका. बरेच लोक मराठी शब्द रोमन लिपीत टाइप करतात, अर्धं इंग्रजी घालतात किंवा बोलून शोधतात. म्हणून शीर्षकात लोक बोलतात तसे शब्द ठेवा: ‘रक्तशर्करा’ नको, ‘शुगर’ चालेल.

तुम्ही लोकांना प्रत्यक्ष भेटत असाल, वर्ग घेत असाल, घरी जाऊन शिकवत असाल, तर गूगल बिझनेस प्रोफाइल करायलाच हवं. ते फुकट आहे. घरचा पत्ता दाखवायचा नसेल तर तो लपवून नुसता सेवेचा परिसर देता येतो. नुसती वेबसाइट असेल आणि ग्राहकांशी भेटच होत नसेल तर मात्र हे प्रोफाइल नियमात बसत नाही, त्यासाठी खोटा पत्ता टाकू नका. अभिप्राय मागताना ‘पाच तारे द्या, एक वर्ग फुकट’ असलं आमिषही नियमाबाहेरचं आहे. वर्ग संपल्यावर समोरासमोर मागा आणि ‘तुमच्या गावाचं नाव आणि कशासाठी आला होता ते लिहा’ एवढं सुचवा. ‘खूप छान’ या दोन शब्दांपेक्षा ‘साखळीहून येते, कंबरदुखीसाठी’ हे पुढच्या माणसाला उपयोगी पडतं.

पायरी ४: व्हॉट्सॲप, पण शहाणपणाने

गोव्यात बातमी पोदेराच्या, म्हणजे सकाळच्या पाववाल्याच्या, आधी व्हॉट्सॲपवर पोचते. त्यामुळे मोह होतो तो वाड्याच्या, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या, देवस्थानाच्या ग्रुपात रोज लिंक टाकण्याचा. आठवड्याभरात लोक तुम्हाला म्यूट करतात आणि मग चांगला लेखही कोणी उघडत नाही.

व्हॉट्सॲप बिझनेस ॲप वेगळ्या नंबरवर घ्या. प्रसारण यादीत, म्हणजे ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये, एका वेळी २५६ जण मावतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर साठवला आहे त्यांनाच संदेश जातो. हे बंधन वाटतं, पण चाळणी म्हणून ते फार कामाचं आहे. नंबर साठवणारा माणूस म्हणजे ज्याला खरंच हवं आहे तो. यादी मोठी झाली की चॅनल उघडा. तिथे सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत आणि आरोग्याच्या विषयात ते लोकांना बरं वाटतं. शुगरसाठी कोण कुठे नाव घालतंय हे शेजाऱ्याला कळू नये अशी साधी इच्छा असते.

आठवड्याला एक संदेश, ठरलेल्या दिवशी. लिंक उघडली नाही तरी काहीतरी हाताला लागेल असा. उदाहरणार्थ:

‘नमस्कार. पावसात चालणं बंद पडलंय? घरातल्या जिन्यावर किंवा बाल्कनीत १० मिनिटांचे तीन तुकडे करा: सकाळी, जेवणानंतर, संध्याकाळी. गुडघे दुखत असतील तर जिना नको, जागच्या जागी चाला. कसं करायचं त्याचे फोटो इथे आहेत. नको असल्यास “थांबवा” एवढंच लिहा.’

शेवटचं वाक्य विसरू नका. आणि वर्गाच्या नोंदवहीतले नंबर न विचारता यादीत घालू नका. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. त्यातही आजाराची माहिती म्हणजे नाजूक मामला.

पायरी ५: लिहा मराठीत, बोला कोंकणीत

इथला वाचक पेपर मराठीत वाचतो आणि घरात कोंकणीत बोलतो. म्हणून लेख मराठीत आणि छोटा व्हिडिओ कोंकणीत, ही जोडी गोव्यात चांगली जुळते. व्हिडिओ अर्ध्या-पाऊण मिनिटाचा, एकच मुद्दा, खाली देवनागरी ओळी, कारण बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात. कॉलर माइकचे दीड हजार याचसाठी आहेत. चित्र थोडं अंधुक चालतं, पण समुद्राच्या वाऱ्यात गेलेला आवाज कोणी सहन करत नाही. संगीत घालायची गरज नाही.

पायरी ६: गावात उतरा

दोन हजारांची स्टिकर-पत्रकं कुठे लावायची? क्यूआर कोडखाली ‘आमच्या वेबसाइटला भेट द्या’ असं छापलं तर कोणी मोबाइल बाहेर काढणार नाही. ‘या रस्त्याचा चालण्याचा नकाशा’ असं लिहून ते त्याच रस्त्यालगतच्या चहाच्या गाड्यावर, मालकाला विचारून लावा. फार्मसीत ‘शुगरवाल्यांसाठी चवथीचं ताट’, जिममध्ये ‘मांसाहार न करता प्रथिनं’. प्रत्येक जागेचा कोड वेगळ्या खुणेच्या लिंकचा करा, म्हणजे कुठून किती आले ते कळेल.

गोव्यातल्या मराठी दैनिकांना, नवप्रभा, तरुण भारत, गोमन्तक, लोकमत, पुढारी यांना, स्थानिक विषयावरचा सहाशे शब्दांचा तयार लेख पाठवून बघा. जाहिरात वाटेल असं काही त्यात नको, शेवटी नाव, पात्रता आणि वेबसाइटचा छोटा पत्ता एवढंच. पेपरात लिंकवर बोट ठेवता येत नाही, त्यामुळे पत्ता तोंडाने सांगता येईल इतका सोपा हवा. पेपरच्या वेबसाइटवर तुमच्या वेबसाइटची लिंक आली तर गूगलच्या नजरेतही तुमचं वजन वाढू शकतं. पैसे देऊन परक्या वेबसाइटींवर शे-दोनशे लिंक विकत घेणं याच्या अगदी उलट आहे, तो गूगलच्या धोरणाचा भंग आहे.

ग्रामपंचायतीचं सभागृह, महिला मंडळ, शाळेची पालकसभा इथे अर्ध्या तासाचं फुकट सत्र घ्या. धावणाऱ्यांसाठी लिहीत असाल तर शर्यतींचं वेळापत्रक धरा. भारतातली पहिली आयर्नमॅन ७०.३ शर्यत २०१९ मध्ये मिरामारला झाली, वास्कोला गोवा रिव्हर मॅरेथॉन भरते. अशा शर्यतीच्या दहा-बारा आठवडे आधी नवशिक्यांचा सराव-तक्ता तयार ठेवला तर धावपटूंचे गट तो स्वतःच फिरवतात.

पायरी ७: काय बोलू नये

‘१५ दिवसांत ७ किलो’, ‘डायबेटिस मुळासकट’, ‘डेटॉक्स काढा’. असली वाक्यं बोटांवर येतील तेव्हा हात आवरा. औषधाने मधुमेह बरा होतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने मनाई आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार मंत्रालयाने आरोग्यावर बोलणाऱ्या इन्फ्लुएन्सरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. प्रमाणित तज्ज्ञ असाल तर तसं सांगायचं, नसाल तर आपला मजकूर डॉक्टरांच्या सल्ल्याला पर्याय नाही हे स्पष्ट करायचं. प्रोटीन पावडरवाल्याकडून पैसे किंवा फुकट डबा घेतला असेल तर तेही उघड सांगायचं. आधी-नंतरचे फोटो तर टाळाच. शिष्येची लेखी परवानगी असली तरी म्हापशाच्या बाजारात तिला चार जण थांबवून विचारणार, हे लक्षात घ्या.

पायरी ८: जाहिरात, सगळ्यात शेवटी

तीन हजार रुपये वर्षभर थोडे थोडे उडवण्यापेक्षा दोनदाच वापरा: एकदा मेअखेर, एकदा चवथ झाल्यावर, जेव्हा गोडाधोडानंतर लोकांना वजनकाटा आठवतो. जो लेख आधीच न ढकलता चालला आहे त्याच्याच मागे पैसे लावा. पडलेल्या लेखाला पैशाने उठवता येत नाही. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या पोस्टखालचं ‘बूस्ट’चं निळं बटण दाबू नका, त्यांच्या ॲड्स मॅनेजरमधून जा. तिथे परिसर, वय आणि उद्देश नीट निवडता येतो. अख्खा गोवा निवडण्याऐवजी तुमच्या वर्गाभोवतीचे १०-१२ किलोमीटर घ्या. १८ टक्के जीएसटी धरून हिशेब करा. वजन घटवण्याच्या जाहिरातींवर मेटाचे (फेसबुक-इन्स्टाग्रामच्या कंपनीचे) वेगळे निर्बंध आहेत: अठरा वर्षांखालच्यांना त्या दाखवता येत नाहीत आणि अशक्यप्राय बदल दाखवणारे आधी-नंतरचे फोटो नाकारले जातात. जाहिरातीचं बटण थेट व्हॉट्सॲपवर नेणारं ठेवा. फॉर्म भरायचा बऱ्याच जणांना आळस असतो, ‘किती फी?’ विचारायला कुणालाच नसतो.

पायरी ९: महिन्यातून एकदा आकडे बघा

रोज बघितले तर डोकं फिरेल. महिन्याच्या पहिल्या रविवारी सर्च कन्सोल उघडा आणि दोनच गोष्टी शोधा. एक, जी पानं बरीच दिसतात पण उघडली जात नाहीत, त्यांचं शीर्षक बदला. ‘आहार आणि आरोग्य’ असं असेल तर ‘उकड्या तांदळाची पेज: शुगर असताना किती घ्यावी’ असं करा. दोन, जी पानं आठव्या ते विसाव्या क्रमांकाच्या मधे अडकली आहेत, त्यांत वाचकांनी व्हॉट्सॲपवर विचारलेले दोन-तीन नवे प्रश्न उत्तरांसकट घाला आणि तुमच्याच दुसऱ्या पानांवरून त्यांना लिंक द्या. सोबत वहीत तीन आकडे लिहा: यादीत नव्याने नंबर साठवणारे किती, आलेल्या फोनपैकी ‘वेबसाइटवर वाचलं’ म्हणणारे किती, वर्गात प्रत्यक्ष आलेले किती. इन्स्टाग्रामचे फॉलोअर या वहीत लिहायचे नाहीत, त्यातले निम्मे दिल्ली-इंदूरचे असू शकतात आणि ते सकाळी सहाला फर्मागुढीला चालायला येणार नाहीत.

सहा महिन्यांनी एखाद्या पानाकडे कोणीच फिरकलं नसेल तर ते दुसऱ्या पानात मिसळून टाका. आणि ज्या एका पानावर गर्दी आहे त्याच्या आजूबाजूला आणखी तीन पानं लिहा, त्याच तालुक्याची, त्याच माणसांसाठी.